सालीसकट

वासुदेव लोणकरांना घाईचं वावडं होतं. गरम पोहे निवल्याशिवाय ते तोंडात घालत नसत, आणि कोणाच्या लग्नाची तारीख कानावर आली की यांचा पहिला प्रश्न असायचा, "जरा पुढची नाही का मिळाली?" यात स्वभावापेक्षा दोष धंद्याचा जास्त. पोलोग्राउंडच्या, म्हणजे शहरातल्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिथे ते फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न बनवत. पंपाची बॉडी असो की कसलं झाकण, जे लोखंडात ओतायचं ते आधी लाकडात घडवावं लागतं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापाहून थोडा मोठा करायचा. वर घासकामासाठी आणखी थोडा. "मार्जिन ठेव," हे शब्द त्यांच्या मुलीने, निशिगंधाने, बडबडगीतांच्याही आधी ऐकले असतील. जास्त राहिलं तर काढता येतं, कमी पडलं तर जोडता येत नाही, हे लोणकरांचं सगळं तत्त्वज्ञान. लाकडाच्या बाबतीत ते सोळा आणे खरं होतं. पंचाईत ही, की त्यांनी ते घरीही आणलं.

निशिगंधाला मुंबईची नोकरी लागत होती तेव्हा आई आजारी होती. "बघू," बाबा म्हणाले. आई गेली. मग पुण्याची आली, तेव्हा शेडचं काम बसत चाललं होतं. "एवढं निस्तरू दे, मग बघू." धाकटी स्वानंदी मात्र कोणाचं बघणं पूर्ण व्हायची वाट न पाहता लग्न करून कॅनडाला पोचली, आणि तिथून दर रविवारी व्हिडिओवर सांगू लागली, "ताई, तू आहेस तिथे म्हणून मला टेंशन नाही." असलं प्रशस्तिपत्र एकदा मिळालं की माणूस संपलाच. निशिगंधा पस्तिशीला आली. सांवेर रोडच्या एका कारखान्यात ती कॉम्प्युटरवर पॅटर्नची डिझाइन करायची आणि मशीन ती कापून काढायचं. म्हणजे बापाच्या हातचं काम लेकीच्या स्क्रीनने खाल्लं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि जेवताना दोघंही भाजीतल्या मिठावर बोलत.

आता कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने तिला बोलावलं होतं. डिझाइन विभाग तिच्या हाती, राहायला जागा, आणि सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं. तिला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जाण्यासाठी तिचा जीव तळमळत होता. रोज तोच रस्ता, तोच कुकर, रात्री त्याच खुर्चीत बाबा आणि तेच 'बघू'. कधीकधी घराचं दार आतून लावताना तिचा हात कडीवरच थांबायचा, आणि आपण कोणाला आत कोंडतोय हे तिचं तिला चांगलंच कळायचं.

यावेळी बाबांनी चक्क होकार दिला होता, पण त्याला शेपूट होतं. "विपुलचा बाऊल होऊ दे. मग जा."

विपुल हा लाकडाचा व्यापारी, बाबांचा जुना माणूस. आफ्रिकेहून आलेल्या ओंडक्यांत त्याला एक गाठ सापडली होती. झाडाच्या अंगावर आवाळू यावं तसा वाढलेला गोळा, आत सरळ रेषा एक नाही, सगळे भोवरेच भोवरे, आणि कठीण इतका की करवतीने हात टेकले. विपुलने त्याची दोन शकलं करून शेडवर आणली. फोनवर कुठेतरी त्याने तसले बाऊल पाहिले होते. "काका, किनारी मत काटना," तो बजावून गेला होता, "छाल के साथ चाहिए. जैसी है वैसी." म्हणजे काठ सरळ करायचा नाही, झाडाची साल काठावर तशीच राहू द्यायची, उंचसखल, खडबडीत. आयुष्यभर प्रत्येक काठ गुण्या लावून काटकोनात आणणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे शिक्षाच. पण बरेच महिने शेडमध्ये दुसरं काम नव्हतं, आणि बाबांनी ते मन लावून घेतलं.

मन लावून घेतलं आणि वाया घालवलं. मागच्या वर्षी पहिलं शकल त्यांनी जाडजूड उतरवलं, भरपूर मार्जिन ठेवलं आणि सुकायला भुशाच्या पोत्यात दाबून ठेवलं. पॅटर्नचं सागवान असतं तर ठीक होतं, ते मुळात सुकलेलंच असतं. ही गाठ ओली होती. भुशातून काढली तेव्हा साल पोत्याच्या तळाशी पडली होती आणि लाकडाला आडवी भेग गेली होती. पुण्याची नोकरी त्याच वर्षी हुकली. दुसरं शकल तेव्हापासून पाण्याच्या पिंपात बुडून बसलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी निशिगंधा कारखान्यातून थेट शेडवर आली. बाबा स्टुलावर बसून पिंपातल्या लाकडावर बोटं फिरवत होते. त्यात नवं काही नव्हतं. "पॅटर्नवाल्याचे डोळे बोटांत असतात," असं ते तिच्या लहानपणापासून म्हणत आले होते. खरादीवर, म्हणजे लाकूड फिरवायच्या यंत्रावर, खाली लोंबणारा बल्ब मात्र भर उजेडात चालू होता.

"बाबा, सोमवारी कोल्हापूरला कळवायचंय," ती म्हणाली. "उद्या मला सुट्टी आहे. बाऊल करून टाकू या."

"अरे, इतकी काय जल्दी आहे? मी विचार केलाय. आत्ता जाड-जाड उतरवून ठेवू, भुशात दाबून. सुकलं की मग फिनिशिंग करू. पुढच्या वर्षी."

हे वाक्य येणार हे निशिगंधाला ठाऊक असायला हवं होतं.

"मागच्या वेळेस पण हेच केलं होतं ना आपण? साल पूर्ण निघून गेली."

"तो मौसम खराब होता."

"मौसम नाही, बाबा. ओलं लाकूड जाड ठेवलं की सुकताना साल सोडून देतं. एका दमात पातळ करून टाकलं तरच ती टिकते. मी किती वेळा दाखवलं तुम्हाला फोनवर."

"फोनवर तर सगळंच होतं." बाबांनी हात पिंपातून काढून लेंग्याला पुसला. "मार्जिन ठेवून कोणाचं नुकसान झालंय का आजपर्यंत?"

"माझं झालंय," निशिगंधा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच धक्का बसला. बाबांनी स्टुलाखाली चपला चाचपल्या, पायांत सरकवल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. "उद्या मी उज्जैनला चाललोय, सुलोचनाकडे. विपुल गाडीने सोडतोय. आल्यावर बघू," ते म्हणाले. सुलोचना त्यांची चुलतबहीण. तिची आठवण त्यांना दिवाळीशिवाय कधी येत नसे, पण निशिगंधाचं डोकं तेव्हा इतकं तापलं होतं की ते तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी विपुलची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि निशिगंधाने खुंटीवरची शेडची किल्ली घेतली. आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं, आणि त्याचबरोबर असंही वाटत होतं की आणखी एक वर्ष आपण या पिंपात बुडून राहू शकत नाही. बाऊल झाला तर बाबांचा शब्द बाबांनाच पाळावा लागेल. बिघडला तर विपुलला दुसरी गाठ आफ्रिकेहून मागवू दे, तिला पर्वा नव्हती. असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे बिघडला असता तर "बघ, अजून शिकायचंय तुला," एवढं एकच वाक्य ऐकून तिला जन्मभर बसावं लागलं असतं.

पिंपातून गाठ काढताना तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. लाकूड दगडाचं वजन घेऊन आलं होतं. सालीच्या आणि लाकडाच्या फटीत तिने पातळ ग्लू सोडला, थेंबथेंब, सगळ्या कडेने. मग गाठ खरादीवर चढवली, बल्ब आकड्यावरून काढून पलीकडच्या बाजूला बांधला आणि यंत्र सुरू केलं. हात तिचा चांगला होता. शाळेच्या सुट्ट्या तिने याच खरादीवर लाटणी आणि भोवरे काढण्यात घालवल्या होत्या, आणि शिकवताना बाबांनी ती मुलगी आहे म्हणून कधी सोपं काम दिलं नव्हतं.

बाहेरची गोलाई उतरली. लाकडाने हत्याराशी उभा दावा मांडला होता. गोल पटाशी चार घास घ्यायची आणि बोथट व्हायची, की चालली ग्राइंडरकडे. भोवऱ्यांतून लाकूड कधी इकडून ओढायचं, कधी तिकडून ढकलायचं. ओल्या किसाचे शिंतोडे तिच्या तोंडावर, चष्म्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडत राहिले. तळाला बूड काढून तिने बाऊल उलटा फिरवून बसवला, साल स्वतःकडे आली, आणि इथून खरा धोका सुरू झाला.

सालीचा काठ उंचसखल. फिरू लागला की तो दिसत नाही, नुसती एक धूसर छाया दिसते. त्या छायेत अर्धं लाकूड असतं, अर्धी हवा. पटाशी लाकडाला लागते, सुटते, पुन्हा लागते, आणि जरा जास्त आत गेली की सालीचा तुकडा उडालाच म्हणून समजा. शिवाय काठ आधी पुरा करायचा, मग खाली उतरायचं. एकदा खाली पोकळ झालं की काठाकडे परत फिरायची सोय नाही, काठ थरथरतो आणि हत्यार लागताच फुटतो. आणि थांबायचीही सोय नाही. अर्धवट ठेवून रात्रभर सोडलं की ओलं लाकूड वाकडं होतं, दुसऱ्या दिवशी ते सरळ फिरतच नाही. म्हणजे एकदा आत शिरलं की बाहेर पडायचा रस्ता एकच, पार तळापर्यंत जाऊन.

निशिगंधाने श्वास रोखून काठ उतरवला. साल टिकली. मग ती खाली सरकली, पुन्हा धार, पुन्हा खाली. पलीकडे बांधलेल्या बल्बचा उजेड काठाजवळच्या पातळ भिंतीतून लालसर दिसू लागला. जिथे लाल दिसतं तिथे बेताचं झालं, जिथे काळं तिथे अजून जाड. ती त्या लालीच्या मागे मागे उतरत गेली. कुठेतरी जेवणाची वेळ येऊन गेली. कोल्हापूर तिला आठवलंही नाही. ती रागावून आली होती हेही ती विसरली, आणि खूप दिवसांनी तिला अगदी बरं वाटत होतं.

दारात अंधारून आलं म्हणून तिने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबा उभे होते. उज्जैनला गेलेला माणूस इतक्यात परत कसा, हा विचार यायच्या आत तिने त्यांचा हात पाहिला. दारालगतच्या भिंतीवर शेडचा मेन स्विच होता. बाबांचा हात त्यावर होता.

बाऊल निम्म्यावर होता. हात खाली ओढला की संपलं, वर्षभराचा 'बघू' पुन्हा मानगुटीवर.

"बाबा, बंद नका करू," ती ओरडली. खरादीच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते हलले नाहीत. स्विचवरचा हातही काढला नाही. ती काम करत राहिली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. तिच्या पाठीला त्यांची नजर टोचत होती, आणि दर क्षणाला तिला वाटत होतं की आता, आता बंद होईल. घामाने पटाशीची मूठ बुळबुळीत झाली. मनातल्या मनात ती बापाला नाही नाही ते बोलली. एवढी वर्षं गप्प बसून साठवलेलं सगळं तिने त्या अर्ध्या बाऊलमध्ये ओतलं.

तळ आला. तिने शेवटचा हात फिरवला, खराद बंद केली, बल्ब सोडून टेबलावर टाकला आणि त्याचं बटण दाबून विझवला. बाऊल हातात घेऊन ती वळली. साल काठावर पूर्ण होती, कुठे एक टवका उडालेला नव्हता.

"झाला," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता. "पूर्ण झाला, मार्जिन न ठेवता. तुम्ही म्हणाला होतात, बाऊल झाला की जा."

"म्हणालो होतो," बाबा म्हणाले. त्यांनी स्विचवरचा हात उचलला, तोच हात भिंतीवरून सरकवत नेला, पायाने उंबऱ्याची पायरी शोधली आणि मग आत उतरले. "दे बघू."

तिने बाऊल त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी अंगठा काठावरून फिरवला, सालीचा प्रत्येक उंचवटा जोखत. मग भिंत दोन बोटांत धरून वरून खाली नेली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की निशिगंधाचा राग अर्धा तिथेच उतरला. कामाला नावं ठेवल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे तो माणूस खोट काढायचं विसरला होता.

"पातळ किती झालाय ते बघा ना," ती जरा नरमून म्हणाली. "बल्बसमोर धरला की उजेड आरपार येतो."

बाबांनी बाऊल वर उचलला, खरादीवर जिथे बल्ब नेहमी लोंबायचा त्या जागेकडे धरला आणि मान मागे करून पाहिलं. "वा," ते म्हणाले. "काय लाल उजेड येतोय. क्या बात है."

आकडा रिकामा होता. बल्ब टेबलावर किसात पडला होता, विझलेला.

निशिगंधा त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा हसत होते, रिकाम्या आकड्याकडे तोंड करून. मग तिला एकेक दिसू लागलं. चपला चाचपणारे हात. भर उजेडातला बल्ब. 'ट्रॅफिक फार झालंय' म्हणून विकून टाकलेली स्कूटर, आणि ती विकल्याचं तिला झालेलं समाधान. पिंपातली बोटं. मेन स्विच त्यांनी धरला होता तो तिला अडवायला नाही. त्यांना पायरी दिसत नव्हती. शर्टाच्या खिशातून थेंबांच्या औषधाची छोटी बाटली डोकावत होती.

"बाबा, उज्जैनला नव्हता गेलात तुम्ही."

त्यांनी बाऊल हळूच खाली आणला. "विपुल घेऊन गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यांनी काहीतरी दवा टाकली आज, त्याने जास्तच धुंधला दिसतंय. रात्रीपर्यंत उतरेल म्हणाले."

"आणि न उतरणारं?"

बाबा स्टूल शोधून बसले. "काचबिंदू आहे. डाव्याचं गेलं. उजव्याचं थोडं आहे. थेंब टाकत राहिलो, तपासत राहिलो, तर तेवढं टिकेल. गेलेलं येत नाही."

"कधीपासून?"

त्यांनी बाऊलच्या काठावर बोट फिरवलं. "पहिला बाऊल लावला होता ना मागच्या साली, तेव्हा. काठ फिरायला लागला आणि मला छायाच दिसेना. नुसती हवा. वाटलं हात जाईल. म्हणून जाड ठेवला, भुशात दाबला."

"साल निघेल हे माहीत होतं तुम्हाला."

"एवढी वर्षं लाकडात घालवली, मला नाही कळणार?" ते म्हणाले. "काय सांगणार होतो तुला? सांगितलं असतं तर तू पुण्याला गेली नसतीस."

"तशीही नाही गेले, बाबा."

"हो," ते म्हणाले. "ते पण आहे."

बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली. निशिगंधा किसाच्या ढिगात उभी होती. तिला बापाचा इतका राग आला होता आणि त्यांची इतकी दया येत होती, की कुठलं आधी बोलावं ते कळत नव्हतं. वर्षभर या माणसाने एकदाही 'राहा' म्हटलं नव्हतं. ते त्यांना जमलंच नसतं. त्यांनी फक्त लाकडाला थांबायला लावलं होतं. आणि तिने आज एका दमात ते थांबणं संपवलं होतं.

"तू कोल्हापूरला जा," बाबा म्हणाले. "मी शब्द दिलाय. विपुल आहे, थेंब टाकून देईल. रोटीवाली येऊन जाईल. चालतंय सगळं." बोलता बोलता त्यांनी बाऊल टेबलावर ठेवला. ठेवला तो टेबलाच्या कडेवर, निम्मा बाहेर. निशिगंधाने झटकन हात पुढे करून तो धरला. त्यांना ते कळलं नाही.

सोमवारी दुपारी विपुल बाऊल न्यायला येणार होता. दोन दिवसांत लाकूड सुकून काठ थोडा वाकला होता, एक बाजू वर, एक खाली, पण साल कुठेच सुटली नव्हती. बाबांनी तो मांडीवर घेतला होता. निशिगंधाने सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले होते. मान मागे करून, डोळे कसेबसे उघडे ठेवून ते लहान मुलासारखे बसले होते आणि दर थेंबाला दचकत होते. "विपुलला जमेल हे," ते मध्येच म्हणाले होते. तिने हं म्हटलं होतं.

ती फोन घेऊन शेडच्या दारात आली. उत्तर तिच्याकडे तयार होतं. येते, पहिल्या तारखेला हजर होते. कालपासून हे वाक्य तिने आंघोळ करताना, भाजी चिरताना, झोपताना म्हणून पाहिलं होतं. पलीकडे कोल्हापूरचे साहेब फोनवर आले, अगदी आपुलकीने म्हणाले, "बोला लोणकर मॅडम, मग काय ठरलं?"

निशिगंधाने आत पाहिलं. बाबा बाऊल कानाशी धरून बोटाने टिचकी मारत होते, आवाज ऐकत होते.

"सर, यायचंच आहे मला," ती म्हणाली. "पण थोडं मार्जिन मिळेल का?"

"किती?"

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, आणि पलीकडची शांतता ऐकून घाईघाईने पुढे म्हणाली, "नाही, म्हणजे, बघू."